जादा पंखा बसवणाऱ्या माजी मालकास



आपली भेट झालेली नाही. गाडी मला एका दलालाकडून मिळाली, त्यामुळे आपलं नावही ठाऊक नाही. पण आपला हात मी आता कुठेही ओळखेन. वायरची दोन टोकं पिळायची, वर काळी टेप गुंडाळायची आणि ती सुटायला लागली की त्यावर आणखी टेप गुंडाळायची, ही आपली शैली.

गाडी लोटस सेव्हनच्या घराण्यातली. नळ्यांचा सांगाडा, ॲल्युमिनियमचे पत्रे, फायबरग्लासचं नाक आणि आत जुन्या फोर्डचं इंजिन. दलाल म्हणाला, आधीच्या मालकाने जादा पंखासुद्धा बसवलाय. हे त्याने गुण म्हणून सांगितलं आणि मीही गुण म्हणूनच ऐकलं. मराठी माणूस इंग्लंडात स्थायिक झाला तरी ‘जादा’ म्हटलं की भुलतोच.

मग एका संध्याकाळी लेस्टरच्या रिंगरोडवर, गाड्यांच्या रांगेत, तापमानाचा काटा शंभराकडे सरकू लागला. डॅशबोर्डवर एक बिननावाचं बटण होतं. ते आपल्या पंख्याचं आहे, एवढी माहिती दलालाने दिली होती. मी ते श्रद्धेने दाबलं. हेडलाइट मंदावले आणि काटा आणखी जोरात चढला.

उलगडा घरी झाला, रेडिएटरसमोर वर्तमानपत्राचा कागद धरल्यावर. मूळ पंखा रेडिएटरच्या मागे आहे, तो हवा इंजिनाकडे ओढतो. आपला पंखा पुढे आहे, त्याने हवा मागे ढकलायची. म्हणजे कागद जाळीला चिकटायला हवा होता. तो माझ्या तोंडावर आला. आपण प्लस-मायनस उलटे जोडले होते! डीसी मोटर बिचारी कुरकुर करत नाही, मुकाट्याने उलटी फिरते. एक पंखा हवा मागे ओढतोय, दुसरा पुढे, आणि दोघांच्या रस्सीखेचीत रेडिएटर तापतोय. फिरण्याची दिशा दाखवणारा बाण पंख्याच्या कडेवरच कोरलेला होता. तो आपल्या टेपखाली सापडला.

कदाचित आपण परंपरेला जागला असाल. कॉलिन चॅपमन यांनी 1957 साली लोटस सेव्हन आणली तेव्हा तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. भाग घ्या, घरी जोडा, कर वाचवा. जोडणीची पुस्तिका सोबत देता येत नव्हती, म्हणून गाडी सुटी कशी करावी याची पुस्तिका द्यायचे आणि गिऱ्हाइकाने ती शेवटाकडून वाचायची, असं सांगतात. 1973 साली तो कर जाऊन व्हॅट आला, सवलत संपली, सेव्हन कॅटरहॅम कंपनीकडे गेली. आपण मात्र अजून शेवटाकडूनच वाचताय.

आता वायरकडे येऊ. इथे आपली प्रतिभा खरी फुलली आहे. असा पंखा चालताना दहा अँपिअरच्या आसपास करंट घेतो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट. त्यासाठी आपण निवडलीत दाराच्या घंटेची वायर. तिचा रोध मीटरमागे साधारण 0.08 ओहम. तीन मीटर वायरमध्ये दोनेक व्होल्ट वाटेतच संपतात आणि वीसेक वॉटची उष्णता वायरच्या अंगात मुरते. म्हणजे गाडी थंड करायच्या निमित्ताने आपण तिच्यात एक छोटा हीटर बसवलात, तोही पेट्रोलच्या नळीला खेटून.

ब्रिटिश गाड्यांत पांढरी वायर इग्निशनची, पण फ्यूजविना. हिरवी त्याच इग्निशनची, फ्यूजमधून आलेली. दोन्ही शेजारी-शेजारी होत्या. आपण पांढरीला निळा टॅप कनेक्टर चावायला लावलात. त्याच्या पात्याने तिचे निम्मे धागे कापलेत. अर्थिंग दिलंत ते पावडर कोटिंग केलेल्या सांगाड्यावर, रंग न खरवडता. रंग किती सुंदर राहिलाय!

रिले नावाची वस्तू काही पौंडांत मिळते. 30 नंबरच्या पिनला बॅटरीकडून फ्यूजमार्गे वायर, 87 कडून पंख्याला, 85 आणि 86 मध्ये कॉइल. बटणातून मग अँपिअरचा एखादा अंशच जातो. बटणाऐवजी रेडिएटरचा थर्मोस्विच जोडला, तर 92 अंशांच्या सुमारास पंखा आपला आपण सुरू होतो, माणसाने काट्यावर डोळा ठेवायला नको. आपण सगळा भार त्या चिमुकल्या बटणावर टाकलात. त्याचं प्लॅस्टिक एका बाजूने वितळून छान गोल झालंय.

घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधी या देशात आयव्हीए तपासणी होते. पत्र्याच्या कडा बोथट आहेत का, हेही परीक्षक पाहतो. तेव्हा आपण पंखा कधी बसवलात, हे विचारायची गरज नाही. परीक्षकाची पाठ वळल्यावर.

आणि एवढं करून गाडीला दुसरा पंखा लागतच नव्हता, महाराज. सेव्हनमध्ये रेडिएटर खाली आणि इंजिन वर. पाणी भरताना काळजी घेतली नाही तर वरच्या भागात हवा धरते आणि पाणी नीट फिरत नाही. मी गाडीचं नाक जॅकवर उचललं, हीटरची नळी सैल केली, आणि मग बराच वेळ बुडबुडे निघत राहिले. त्यानंतर मूळ पंखा एकट्याने गर्दी निभावतो. आग रामेश्वरी आणि आपला बंब सोमेश्वरी. बरं, तो बंबही आगीलाच वारा घालणारा. मी तो काढून टाकला. त्या चिंचोळ्या नाकात तो हायवेवर येणारी फुकटची हवाही अडवत होता.

एक शंका तेवढी राहिली. डॅशबोर्डमागे एक जांभळी वायर आहे. तिच्यात चोवीस तास 12 व्होल्ट असतात. ती प्रवाशाच्या सीटखाली जाते आणि तिथे टेपच्या गोळ्यात संपते. ती कशासाठी आहे, ते उलट टपाली कळवावे. तोवर त्या सीटवर मी कुणाला बसवत नाही.

कळावे,
आपल्या गाडीचा सध्याचा मालक