पुढचं टायर, उजवी बाजू

यवतमाळहून निघताना बेत कुंतला धबधबा पाहण्याचा होता. आदिलाबाद जिल्ह्यात, कडेम नदीवर, उंची सुमारे ४५ मीटर. पाहिला. छान आहे. आता मुद्द्याचं बोलू.

पांढरकवड्याला चहाच्या टपरीवर एक अनोळखी गृहस्थ माझ्याकडे पाहत म्हणाले, "उजवी बाजू पार झिजली की हो!" दातांच्या डॉक्टरांनी नुकतंच हेच सांगितलं होतं, म्हणून मी आधी गाल चाचपला. ते माझ्या दुचाकीच्या पुढच्या टायरबद्दल बोलत होते.

आपल्याकडे दुसऱ्याच्या टायरवर मत द्यायला शिक्षण लागत नाही. पाटणबोरीच्या हवा भरणाऱ्या पोरानं हवेवर खापर फोडलं. २५ पीएसआय हवी तिथे १७ निघाली, हे खरं. पण हवा कमी असली की दोन्ही कडा झिजतात आणि जास्त असली की मधला पट्टा. माझी एकच कड गेली होती. पिंपळखुटीच्या ढाब्यावर एक ट्रकवाले म्हणाले, "पुढचाच ब्रेक दाबत असाल." अहो, मला सायकलवाले घंटी वाजवून मागे टाकतात, ब्रेक दाबण्याइतका वेग आणू कुठून?

पैनगंगा ओलांडली, पाट्या तेलुगू झाल्या, सल्ले मराठीतच राहिले. आदिलाबादच्या एका दुकानदारानं तर मान खाली न घालताच सांगितलं, "दोन्ही बदला." ज्यानं चाक पाहिलंच नाही, त्याचा आत्मविश्वास पाहून माझं डोकं फिरलं.

शेवटी गुडिहथनूरला एक म्हातारे मिस्त्री भेटले. टायरवरून त्यांनी एकदा पुढे, एकदा मागे तळहात फिरवला. मीही फिरवला. एकीकडून गुळगुळीत, उलटीकडून करवतीसारखं.

"भाऊ, मांगं बसा," ते म्हणाले. गाडी मधल्या स्टँडवर होती. मी मागच्या कॅरिअरवर बसलो आणि पुढचं चाक अलगद हवेत! माझ्या वजनाचा विज्ञानाला झालेला हा पहिलाच उपयोग. मिस्त्रींनी शॉकअप खालून धरून पुढे-मागे हलवला. कट्, कट्.

"कोनसेट ढिला हाय. काऊन चालवली इतके दिवस?"

हँडलच्या मुळाशी वर-खाली बेअरिंग असतात, तोच कोनसेट. त्या सैल झाल्या की चाक थरथरतं, टायर रस्त्याला एकसारखं टेकत नाही, आणि खाचा पडतात. मग उजवीच बाजू का? आपण डावीकडून चालतो, त्यामुळे उजवं वळण बाहेरून घ्यावं लागतं, ते लांब पडतं; शिवाय रस्त्याचा उतार डाव्या कडेला. अमेरिकेत म्हणूनच डावी बाजू आधी जाते.

मिस्त्रींनी पोराकडे तेलुगूत पाना मागितला, वाटेनं जाणाऱ्या एका आजींची गोंडीत विचारपूस केली, आणि मला मराठीत रागावत राहिले. १९५६ साली राज्यांच्या सीमा आखणाऱ्यांना हे दुकान दाखवायला हवं होतं. मी उगाचच आणखी एक चहा मागवला.

कोनसेट कसून झाला. झिजलेली कड काही भरून येत नाही, त्यामुळे टायर पुढे बदललंच. पण आधी बदललं असतं तर नवंही तसंच गेलं असतं. तेव्हा टायर घेण्याआधी पुढचं चाक उचलून हलवून पाहा. मागे बसायला वजनदार माणूस मिळाला नाही, तर मला बोलवा.