चकाकीच्या ठेकेदारसाहेबांस, सा. न. वि. वि.



आपल्या हाताशी कामं फार, त्यामुळे फोन उचलायला आपल्याला सवड होत नाही. म्हणून हे उघडं पत्र. जुन्नर-आंबेगावात ज्यांच्या घरी आपली पायधूळ अजून झडायची आहे, त्यांनीही ते वाचावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पहिले आभार आमच्या माजघराची कीव केल्याबद्दल. "ताई, हा असला कोबा आता कोण ठेवतं?" असं आपण म्हणालात. तो लाल कोबा सासऱ्यांच्या वेळचा. खाली मुरुमाचा भराव आणि दगडी सोलिंग, त्यावर काँक्रीट, वर लाल ऑक्साइड मिसळलेलं सिमेंट. गवंड्याने गुडघ्यांवर बसून घोटलेलं. मधे दोऱ्या दाबून पाडलेल्या चौकटी. त्याला काही भेगा गेल्या होत्या आणि उंबऱ्याजवळ खळगा पडला होता, एवढाच त्याचा गुन्हा. भेगा रुंदावून भरल्या असत्या आणि खळग्यापुरता नवा थर घोटला असता, तर तो आणखी एक पिढी टिकला असता. पण 2018 साली जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला. लेण्याद्री, ओझर, शिवनेरीला येणारी माणसं घरी उतरवायची म्हणून जो तो घर सजवायला लागला, त्यात आम्हीही आलो. आपण मोबाइलवर निळ्या लाटांची इपॉक्सीची थ्रीडी फरशी दाखवलीत आणि घरातल्या तरुणांचे डोळे दिपले.

दुसरे आभार मुहूर्ताबद्दल. मीना नदीच्या काठावरचं घर, वर वडज धरण, ऐन आषाढ, नाणेघाटाकडून येणारी झड थांबायचं नाव घेत नव्हती, आणि आपण नेमकी तीच वेळ निवडलीत. जमिनीचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंशांनी जास्त असल्याशिवाय इपॉक्सी लावू नये, हे या कामाचं प्राथमिक पथ्य आहे. ओल्या, गार हवेत इपॉक्सीत मिसळलेल्या हार्डनरमधलं अमाइन वर येऊन पांढुरका, तेलकट थर धरतं. तो थर आमच्या लाटांवर धरला, तेव्हा आपण त्याला 'मॅट फिनिश' म्हणालात. आपली समयसूचकता थोर.

आता सर्वांत मोठा उपकार. आमच्या घराखाली किती पाणी आहे, हे आपल्यामुळे कळलं. जुन्या कोब्याखाली प्लास्टिकचा कागद नसतो. भरावातली ओल काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून वर चढते आणि वाफ होऊन खोलीत निघून जाते. आमच्या माजघरातून ती इतकी वर्षं गुपचूप निघून जात होती आणि आम्हाला पत्ताही नव्हता. आपण वरून इपॉक्सीचं झाकण बसवलंत. मग ती थराखाली साचली, काँक्रीटमधला क्षार सोबत घेऊन आली, आणि दसऱ्यापर्यंत निळ्या समुद्रावर फोड आले. एक फोड सुईने टोचला, तर आतून चिकट, उग्र वासाचं पाणी उसळून वर आलं. शेजारच्या बायका ते पाहायला आल्या होत्या.

हे आधी कळू शकलं असतं. सुमारे 45 सेंटीमीटर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर पसरायचा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि निदान 16 तास हात लावायचा नाही. उचलल्यावर आत थेंब दिसले किंवा खालचा कोबा काळसर पडला, तर डब्याचं झाकण उघडायचं नाही. जगभर हीच साधी चाचणी करतात. तेवढ्या चिकटपट्टीची आपण बचत केलीत. माझे मात्र इपॉक्सीचे सगळे पैसे गेले.

घोटलेल्या गुळगुळीत कोब्यावर इपॉक्सी पकड घेत नाही, त्याला डायमंड ग्राइंडरने खरवडून खडबडीत करावं लागतं. आपण पॉलिश पेपर फिरवलात आणि बाथरूमचं ॲसिड ओतलंत. ते नीट धुतलंही नाहीत. म्हणून आता उंबऱ्याजवळचा पापुद्रा हाताने सोलून निघतो. त्याच्या पाठीला कोब्याचा लाल रंग लागलेला आहे. दाराशी ऊन पडतं तिथला समुद्र पिवळा झालाय. उन्हाने इपॉक्सी पिवळं पडतं आणि त्यावर ऊन सोसणारा पॉलियुरेथेनचा हात द्यावा लागतो, हे सांगायचं आपण बहुधा विसरलात. जमीन ओली झाली की घसरडी होते. वाळूचे कण पेरले असते, तर सासूबाईंना पाणी प्यायला उठताना भिंत धरावी लागली नसती.

इपॉक्सीवर माझा राग नाही. 1946 साली स्विस कंपनी सीबाने ॲराल्डाइट बाजारात आणलं, तेव्हापासून या रसायनाने जगाची मोठी सेवा केली आहे. दूध डेअरीत, औषधांच्या कारखान्यात, जिथे खालची ओल अडवून नवं काँक्रीट ओतलेलं असतं आणि ते पुरतं सुकू दिलेलं असतं, तिथे त्याच्यासारखी जमीन नाही.

शेवटचे आभार मानायला माझी जीभ वळत नाही, साहेब. आपण दोन पोरं आणली होतीत, मिसरूडही न फुटलेली. "हार्डनर जास्त टाक, लवकर वाळंल," असं आपण त्यांना सांगून गेलात. हार्डनर मापातच लागतं. जास्त झालेलं तसंच चिकट शिल्लक राहतं. बादलीतलं मिश्रण तापून धुरायला लागलं, तेव्हा पोरांनी ते उघड्या हातांनी बाहेर ओढलं. दुसऱ्या दिवशी एकाच्या मनगटापर्यंत लाल पुरळ उठलं होतं. ही ॲलर्जी एकदा अंगात बसली की आयुष्यभर सुटत नाही, नंतर थेंबभर लागलं तरी हात सुजतात. माझी जमीन मी पुन्हा करून घेईन. त्या हातांचं काय करणार आहात?

आपण आता घोडेगावला एका जुन्या घराचं काम धरल्याचं ऐकते. त्या घरच्या बाईंना माझी विनंती आहे: साहेब डबे उतरवायच्या आधी प्लास्टिकचा तुकडा आणि चिकटपट्टी काढून ठेवा, आणि पाऊस असेल तर चहा पाजून परत पाठवा.

आणि साहेब, आमच्याकडे ग्राइंडर घेऊन या. फोड आलेला सगळा थर काढून खालचा कोबा मोकळा करून द्या, एवढंच काम आहे. त्या दोन पोरांना मात्र आधी दवाखान्यात न्या.

आपली,
माजघराची मालकीण,
जुन्नर तालुका