श्वास सोड

आमच्या भागात "पोरगा काय करतो?" या प्रश्नाला तीन उत्तरं चालतात. शेती करतो, नोकरी करतो आणि भरती करतो. भरतीला बसतो किंवा भरतीची तयारी करतो असं कुणी म्हणत नाही. भरती करतो. या उत्तराला पाहुणे हसत नाहीत. फक्त एवढंच विचारतात, "किती वर्षं झाली?"

मला दोन झाली होती. 2024 ची पोलीस भरती निघाली तेव्हा राज्यात 17,471 जागा होत्या आणि अर्ज आले सतरा लाखांच्या वर. अण्णांनी पेपर वाचून चष्मा कपाळावर सरकवला.

"म्हणजे शंभरात एक," ते म्हणाले. "दहावीला तू वर्गात कितवा होतास रे?"

"बेचाळिसावा."

"आणि पोरं किती होती?"

"चव्वेचाळीस."

अण्णांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला आणि हवामानाचा अंदाज वाचायला लागले.

फॉर्म भरायला तालुक्याच्या कॅफेवर गेलो. एका पदासाठी एकाच जिल्ह्यात अर्ज करता येतो, त्यामुळे कोणता जिल्हा टाकायचा यावर लग्नाच्या यादीपेक्षा जास्त चर्चा होते. एक म्हणतो मुंबई टाक, जागा जास्त. दुसरा म्हणतो मुंबईला सगळेच टाकतात, मेरिट वर जाणार. तिसरा म्हणतो, सगळे असाच विचार करून मुंबई सोडतात, म्हणून मुंबईच टाक. हा तिसरा गेली आठ वर्षं भरती करतो, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन आहे. कॅफेवाल्याने माझ्याकडे खालून वर पाहिलं आणि विचारलं, "वाद्य काही वाजवता का? बँडवाल्यांच्या पण जागा आहेत." मी नाही म्हटल्यावर त्याने सुस्कारा टाकला, साडेचारशे रुपये फी कापली आणि फोटोतला माझा कान कापून फाईल केबीत बसवली.

मग ग्राउंड. भरतीच्या भाषेत मैदानी चाचणीला ग्राउंड म्हणतात आणि ते 'मारायचं' असतं. एकूण पन्नास मार्क: 1600 मीटर धावण्याला वीस, 100 मीटरला पंधरा, गोळ्याला पंधरा. पूर्वी पोरं पाच किलोमीटर पळायची, हे जुने भरतीवाले आम्हाला 1972 च्या दुष्काळासारखं ऐकवतात. कळसूबाईची उंची 1646 मीटर, हे लेखीसाठी पाठ असतंच. तेव्हा 1600 मीटर म्हणजे आडवी झोपवलेली कळसूबाई, वरचे सेहेचाळीस मीटर माफ. पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत आलं की वीसपैकी वीस.

मारुतीच्या देवळापासून पेट्रोल पंपापर्यंतचं अंतर मित्राच्या मोटरसायकलच्या काट्यावर मोजून घेतलं आणि पहाटे साडेचारला पळायला लागलो. पहिल्या दिवशी पावणेसहा मिनिटं. मी खूश. दुसऱ्या दिवशी सात. शोध घेतला तेव्हा कळलं, पहिल्या दिवशी वस्तीवरची तीन कुत्री मागे होती. ग्राउंडवर कुत्री सोडत नाहीत, ही भरतीतली मोठी गैरसोय आहे.

गोळा 7 किलो 260 ग्रॅमचा असतो. विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून ओढ्यातला एक गुळगुळीत धोंडा उचलून किराणा दुकानात वजनाला नेला. दुकानदाराने गिऱ्हाईक थांबवून तो तोलला. साडेसात किलो. "वरचे दोनशे चाळीस काढून देऊ?" त्याने विचारलं. त्याच धोंड्याने मी महिनाभर सराव केला आणि शेजारच्या काकूंची पाण्याची टाकी फोडली. लांबून. अण्णांनी भरपाई देताना अंतर पावलांनी मोजलं, ते नऊ भरलं. घरात माझं कौतुक झालेला तो एकमेव प्रसंग.

लेखीचं फार सांगत नाही, कारण तिथवर मी पोचलोच नाही. पण अभ्यास केला होता. पोलीस दलाचं ब्रीद 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय', यातली विभक्ती चतुर्थी, हे मला आजही झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. चोर पुढं आणि आपण मागं असताना या माहितीचा उपयोग कसा करायचा, ते प्रशिक्षणात शिकवत असावेत.

माझी खरी अडचण उंची होती. पुरुषांना 165 सेंटीमीटर लागते. माझी सकाळी 165 आणि संध्याकाळी 164 भरायची. यात थट्टा नाही. दिवसभर उभं राहून, बसून मणक्यातल्या चकत्या दबतात आणि माणूस कणभर आखडतो. रात्री आडवा झाला की परत लांबतो. आठ वर्षंवाल्याने यावरून फर्मान काढलं: माप होईपर्यंत मी उभं राहायचं नाही.

आधीची तारीख पावसाने ग्राउंडचा चिखल केल्यामुळे पुढं गेली होती. नव्या तारखेच्या आदल्या रात्री आम्ही चौघं एसटी स्टँडवर उतरलो. तिघं बॅगांवर बसले आणि मला बाकावर सरळ झोपवला. पहाटे चारला रिक्षा केली. मागच्या सीटवर मी आडवा, पाय बाहेर, माझ्या पोटाला धरून एक जण खाली बसलेला, दोघं ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना. वर रेनकोट पांघरलेला. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि काही न विचारता सिव्हिल हॉस्पिटलकडे वळवली.

"मुख्यालयाला, मुख्यालयाला!" मित्र ओरडला.

"आधी दवाखाना दाखवा," रिक्षावाला म्हणाला. "केस मागनं बी करता येती."

त्याला समजवायला मी उठून बसणार होतो, पण तिघांनी मिळून मला दाबलं. त्यामुळे त्याचा संशय पक्का झाला.

मुख्यालयाच्या फाटकावर मी प्रथम पायांवर उभा राहिलो आणि रांगेत लागलो. आता प्रत्येक मिनिटाला आपण खचतोय असं वाटायला लागलं. पुढच्या पोराचे कागद बघायला उशीर झाला तर मला माझ्या चकत्यांचा आवाज ऐकू येई. शेवटी पट्टीखाली गेलो. टाचा टेकवल्या, हनुवटी सरळ. लाकडी फळी डोक्यावर बसली.

"एकशे पासष्ट, दोन."

वरच्या त्या दोन मिलिमीटरवर खरं तर रिक्षावाल्याचं नाव लिहायला हवं होतं.

आनंदाच्या भरात मी छातीच्या रांगेत गेलो. छातीकडे कुणी लक्षच दिलं नव्हतं. न फुगवता 79 सेंटीमीटर हवी आणि फुगवल्यावर आणखी पाच, म्हणजे 84. माझी घरच्या टेपने साडेसत्त्याहत्तर होती. पण त्यात काय, मी ठरवलं, पहिल्या मापालाच हळूच थोडा श्वास भरून घ्यायचा. कुणाला कळणारे?

हवालदारकाका वयस्क होते. त्यांनी गार टेप काखेखालून फिरवली. मी नाकाने, चोरासारखा, श्वास घेतला. थोडा पुरला नाही. अजून घेतला.

"एकोणऐंशी," काका म्हणाले. बाजूच्या शिपायाने लिहिलं. "आता फुगव."

फुगवायला काही उरलंच नव्हतं. मी मान हलवली.

"फुगव की."

मी परत मान हलवली. फुगवलीय हो, असं सांगायचं होतं, पण तोंड उघडलं असतं तर हवा गेली असती. माझे डोळे बाहेर आले. काकांनी वाकून चेहरा पाहिला.

"ए बाळा, ऐकू येत नाही का तुला?"

आता उत्तर न देणं म्हणजे वर्दीचा अपमान. मी म्हणालो, "सा—" आणि पुढचा 'हेब' यायच्या आत सगळी हवा निघून गेली. टेप ढिली पडली. काकांनी ती हलक्या हाताने परत आवळली आणि निर्विकारपणे वाचली.

"फुगवून, सत्त्याहत्तर."

शिपाई लिहिता लिहिता थांबला. "काका, उलटं झालं का?"

"उलटं नाही, तसंच आहे," काका म्हणाले. "इतकी वर्षं मापं घेतोय. फुगवल्यावर कमी झालेली छाती पहिल्यांदा बघितली."

वरच्या साहेबांकडे दाद मागितली, तर त्यांनी परत मोजायला लावलं. या वेळी काकांनी आधी माझ्या पाठीवर थाप मारून श्वास सोडायला लावला. साडेसत्त्याहत्तर आणि साडेब्याऐंशी. "फुगवटा पाचचा बरोबर आहे," साहेब म्हणाले, "पाया कच्चा आहे." छातीवर लावायचा तो चेस्ट नंबर असतो ना, तो ज्यांना छाती आहे त्यांनाच मिळतो. सात वाजायच्या आत मी फाटकाबाहेर होतो. दोन वर्षं पळालो, पण त्या ग्राउंडवर एक पाऊल धावलो नाही. बाहेर तोच रिक्षावाला उभा होता. मला चालत येताना पाहून त्याला खरंच बरं वाटलं.

गावात "ग्राउंड कसं गेलं?" विचारणाऱ्यांना मी "थोडक्यात गेलं" असं सांगतो. ते खोटं नाही.

दिवाळीनंतर चुलतभावाचं लग्न निघालं आणि अण्णांनी शर्टाला मापं द्यायला पाठवलं. शिंप्याने छातीला टेप लावली, तसा मी सवयीने ताठ झालो.

"श्वास सोड."

"सोडलाय."

"एकतीस, वर एक सूत."

"टेप उलटी करून बघ," मी म्हणालो. "सेंटीमीटरच्या बाजूने."

"तिकडनं कोण शिवतं?" असं पुटपुटत त्याने टेप उलटी केली आणि चष्म्याखालून पाहिलं. "एकोणऐंशी. का रे? भरतीचं काय झालं तुझ्या?"

"काय नाही, चालूच—"

"बोलू नको," तो म्हणाला. "माप हलतं."