दुबईला निघालेल्या गुरुजींसाठी सूचना

आंतरराष्ट्रीय शिक्षण परिषदेचे बोलावणे आले, की जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींनी आधी आनंद आवरावा आणि अर्ज लिहायला घ्यावा. मुंबईहून विमान तीन-साडेतीन तासांत दुबईला टेकते. अर्जाची गाडी मात्र पॅसेंजर. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी अशा प्रत्येक स्टेशनात ती पाणी भरून घेते. अर्जात ‘शासनावर कोणताही आर्थिक भार पडणार नाही’ हे वाक्य ठळक लिहावे. बऱ्याच सह्या त्या वाक्याला मिळतात, गुरुजींना नव्हे.

डब्यात चिवडा, चकली खुशाल न्यावी. अनारसे नेऊ नयेत. अमिरातीत खसखशीला बंदी आहे आणि ती अनारशाला का लावतात, हे कस्टमवाल्याला इंग्रजीतून समजावणे डी.एड.च्या अभ्यासक्रमात नव्हते. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. त्यामुळे इकडून सकाळी सातला येणारा ‘माहिती तात्काळ पाठवा’ हा निरोप तिथे साडेपाचलाच उठवतो.

सभागृहात शब्दांना बिचकू नये. ‘मल्टी-एज क्लासरूम’ म्हटले, की द्विशिक्षकी शाळेत पहिलीला पाढे लिहायला लावून तिसरी-चौथीला भागाकार शिकवतो, तेच समजावे. ‘पीअर लर्निंग’ म्हणजे चौथीतली ताई पहिलीतल्या भावाकडून बाराखडी गिरवून घेते ते. कमी खर्चाचे शैक्षणिक साहित्य म्हणजे चिंचोके. हे सगळे माहीत असले तरी टाळ्या वाजवाव्यात, वक्ता लांबून आलेला असतो.

भिंतभर पडदे आणि चकचकीत टॅब पाहून आपल्या गळक्या कौलांची लाज वाटली, तर पीटर ताबिची आठवावेत. मार्च २०१९ मध्ये दुबईतच ‘ग्लोबल टीचर प्राइझ’चे १० लाख डॉलर केनियातल्या या विज्ञानशिक्षकाला मिळाले. त्यांच्या खेड्यातल्या शाळेत संगणक एक, इंटरनेट लहरी आणि एका शिक्षकामागे ५८ मुले. धड्यांचे साहित्य उतरवून घ्यायला ते सायबर कॅफेत जात. पगारातला ८० टक्के वाटा ते गरजूंना देत असत. (हा आकडा घरी सांगताना गुरुजींनी वेळ पाहून सांगावा.)

परवानगी आलीच नाही, तर?

तर घरी बसावे. कोरोनामुळे २०२० चा सोहळा ऑनलाइन झाला, तेव्हा सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेचे रणजितसिंह डिसले आईवडिलांशेजारी बसले होते. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणणाऱ्या या गुरुजींना तेच बक्षीस जाहीर झाले आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. खसखशीचा प्रश्नच आला नाही.

परतल्यावर परिषदेची कापडी पिशवी खडू ठेवायला वर्गात टांगावी. मुले परिषदेबद्दल काही विचारत नाहीत, विमानाची खिडकी उघडते का एवढेच विचारतात. त्याचे उत्तर तयार ठेवावे. अहवाल दोन प्रतींत द्यावा. त्याआधी शालेय पोषण आहाराच्या राहिलेल्या नोंदी भराव्यात, कारण पहिला फोन त्याच्यासाठी येणार आहे.