कुलपातली चित्रं

बदलापूरकडच्या एका वाचनालयात चित्रांची जाडजूड पुस्तकं काचेच्या कपाटात असतात. किल्ली कार्यवाहांकडे आणि कार्यवाह सकाळच्या लोकलने मुंबईला. ‘भीमायन’ मागितलं, तर उत्तर आलं, “बालविभागात बघा.” दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी २०११ साली आलेल्या या पुस्तकात बाबासाहेबांची कहाणी चौकटी मोडून रंगवली. त्यात पाण्यासाठी आसुसलेल्या छोट्या भीमाचं धडच मासा होतं. पण चित्रं आली की पुस्तक पोरांचं, हा आमचा शिरस्ता! या न्यायाने अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिरही बालविभागातच हलवायला हवं. तिथे भिंतभर मूर्ती, मजकूर म्हणाल तर एक शिलालेख. कार्यवाह, रविवारी तरी कपाट उघडा. वाळवी सभासद होण्याआधी.