मॅनोमीटरचे मावळे

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये मावळातला पालक शाखांची यादी वाचतो: कॉम्प्युटर, मग एआयची फोडणी दिलेलं कॉम्प्युटर, मग आयटी. बायोमेडिकलपाशी आला की चष्मा पुसतो. ना धड डॉक्टर, ना धड इंजिनिअर, हे काय प्रकरण? शंका रास्त आहे. चार वर्षं सर्किटंही शिकायची नि शरीररचनाही, हृदयाचा जेमतेम मिलिव्होल्टभर संकेत ५० हर्ट्झच्या विजेच्या गोंगाटातून वेचायचा, आणि एवढं करून लग्नाच्या बायोडेटात कंसात खुलासा लिहायचा.

हे खूळ परदेशी असं वाटणाऱ्यांनी लोणावळ्यातच चौकशी करावी. १९२४ साली इथं कैवल्यधाम काढणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे यांनी, योगाला नुसते हात जोडले नाहीत. साधकाच्या आतड्यातला दाब मॅनोमीटरनं मोजला. पोट घुसळणारी नौली क्रिया करताना तो बाहेरच्या हवेपेक्षा खाली उतरतो. बस्तीत, म्हणजे आतडी धुण्याच्या क्रियेत, पाणी आपोआप वर का चढतं, याचं उत्तर सिद्धीत नव्हे, दाबाच्या फरकात सापडलं! दाब उतरल्यानं होणाऱ्या त्या पोकळीला त्यांनी गुरू माधवदासांचं नाव दिलं (गुरुदक्षिणेचा हा प्रकार पुढं कुणी फारसा चालवला नाही). त्याआधी बडोद्यात त्यांनी हीच पोटं क्ष-किरणांखाली तपासली होती. १९२४ पासून 'योगमीमांसा'त प्रयोगांचे निष्कर्ष छापून येऊ लागले. हे शरीरशास्त्र झालं, इंजिनिअरिंग नव्हे, असं कुणी म्हणेल. निम्मं खरं. पण शरीर आणि काटा यांना जोडणारी नळी कुणाच्या खात्यावर मांडायची? तेवढ्या नळीचाच हा अभ्यासक्रम.

नोकरीचं काय, हा आक्षेप अधिक दमदार. सुरुवात बहुधा विक्री किंवा सर्व्हिसिंगच्या बॅगेनं होते आणि पगार सॉफ्टवेअरवाल्या भावाला सांगण्याजोगा नसतो, हे मान्य. मात्र सरकारी रुग्णालयांतली बंद पडणारी यंत्रं चालू ठेवायला २०१५ मध्ये केंद्राला वेगळा कार्यक्रम आखावा लागला, आणि देशात लागणारी बहुतेक वैद्यकीय उपकरणं आजही परदेशातून येतात. काम भरपूर आहे. ते करणाऱ्याला स्थळ सांगून येत नाही, एवढंच. शिवाय या शाखेचा प्राण असलेलं मोजमाप लोणावळ्याच्या हवेला आता मानवत नसावं. शनिवार-रविवारी द्रुतगती मार्गानं येणारा पाहुणा डिटॉक्स करून ताजातवाना परततो. कोणतं विष, किती मिलिग्रॅम उतरलं, असं विचारणं असभ्य. जाताना घेतलेली पाव किलो चिक्की मात्र वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेल्या काट्यावरच तोलून मिळते, आणि काटा जरा हलला तर तोच पाहुणा दुकानदाराशी भांडतो.