भाजलेली, म्हणून पथ्याची

हालापेन्यो पॉपर म्हणजे मेक्सिकोतल्या हालापा शहराचे नाव लावणारी आणि अमेरिकी पार्ट्यांत नावारूपाला आलेली भरली मिरची. मिरची उभी चिरायची, आत क्रीम चीज आणि किसलेले चेडर ठासायचे, वर पावाचा चुरा भुरभुरायचा आणि 200 अंश सेल्सिअसला वीसेक मिनिटे भाजायची. हाच पदार्थ तळला तर तेलकट. ओव्हनमध्ये गेला की ‘हेल्दी’. आतल्या चीजला हे कोणी कळवलेले नसते.

तिखटपणा बियांत असतो, ही समजूत चुकीची. कॅप्सेसिन तयार होते ते बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात. यजमान नेमका तोच चमच्याने खरवडून टाकतो, उरलासुरला जाळ चीजमधले केसिन शांत करते, आणि मग पाहुण्यांना बजावले जाते, ‘जपून हं, तिखट आहे!’ स्कोव्हिल मापावर हालापेन्यो 2,500 ते 8,000 एककांची. लवंगी मिरची तिला हिशेबातही धरणार नाही. अर्थात, मिरच्या चिरून हात न धुता डोळा चोळणाऱ्याला तेवढीही पुरते.

मराठी ओट्यावर हालापेन्योच्या जागी भावनगरी येते आणि चेडरच्या जागी प्रोसेस्ड चीजचा क्यूब. ट्रेवर ओघळून खरपूस झालेले चीज पाहुण्यांपर्यंत पोचत नाही. ते स्वयंपाकघरातच, उभ्या उभ्या, उलथन्याने संपते.